अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास जड जातो तेव्हा: सीपॅपबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराबाहेरच्या बाकावर बाळाचे वडील असतात, आजी असते, एखादा मामा असतो. आई बहुतेक वेळा दुसऱ्या वॉर्डात, टाके ओले. डॉक्टर बाहेर येऊन दोन-चार वाक्यं बोलून जातात आणि मग गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनला तीच वाक्यं सांगत बसायचं. सीपॅप म्हणजे नाकातून सौम्य दाबानं सतत हवा देऊन बाळाच्या श्वासाला आधार देणारं यंत्र. त्याबद्दल त्या वाक्यांत जे मावत नाही ते इथं लिहिलं आहे. प्रश्न कोल्हापुरात आम्हाला विचारतात तसेच ठेवलेत. तुमच्या बाळाचं काय करायचं हे मात्र त्याला हात लावून तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

बाळाला नेमकं झालंय काय?

फुफ्फुसं तयार व्हायच्या आधी बाळ बाहेर आलं आहे. फुफ्फुसांत हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाच्या स्निग्ध द्रवाचा पातळ थर लागतो. तो थर असला की श्वास सोडल्यावरही पिशव्या थोड्या उघड्या राहतात. नसला तर ओली प्लॅस्टिकची पिशवी जशी आतून चिकटून बसते तशा त्या चिकटतात, आणि प्रत्येक श्वासाला बाळाला त्या नव्यानं सोडवाव्या लागतात. हा थर पोटात साधारण २४ व्या आठवड्यापासून बनायला लागतो आणि ३४-३५ आठवड्यांपर्यंत पुरेसा होतो. जितकं बाळ आधी, तितका तो कमी. या आजाराला रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम म्हणतात, फाइलवर आरडीएस लिहिलेलं दिसेल. कारण सर्फॅक्टंटची कमतरता आहे, हे १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं.

जन्मानंतर काही तासांतच लक्षणं दिसतात. श्वास मिनिटाला साठच्या वर जातो, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची आणि छातीच्या हाडाखालची कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर पडतात. आणि बाळ कण्हतं. हे कण्हणं नातेवाइकांना दुखण्याचं वाटतं. खरं तर श्वास सोडताना बाळ घसा थोडा आवळून हवा आत अडवून धरत असतं, म्हणजे पिशव्या मिटू नयेत. त्याच्या परीनं ते स्वतःच उपाय करत असतं, पण ताकद फार वेळ पुरत नाही. सीपॅप हेच काम बाहेरून करतो.

आठव्या महिन्यातलं मूल जगत नाही, सातव्यातलं जगतं, असं घरची माणसं म्हणतात. खरं आहे का?

नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. ३२ आठवड्यांच्या बाळाची फुफ्फुसं २८ आठवड्यांच्या बाळापेक्षा पुढे असतात, ३४ ची त्याहून पुढे. ही समजूत आजही इतकी पक्की आहे की आठव्या महिन्यातलं बाळ असलं की काही घरांत आधीच सुतकी चेहरे करून बसतात. तसं करू नका. बाळाच्या आईला त्याचा त्रास होतो.

आमचं बाळ तर ३६ आठवड्यांचं, अडीच किलोचं. त्याला का लावलं?

वजन दिसायला चांगलं असलं तरी फुफ्फुसाचं वय दिवसांवर ठरतं. आईला मधुमेह असेल तर बाळ अंगानं मोठं आणि फुफ्फुसानं लहान असू शकतं. दुसरं कारण सिझरचं. कळा सुरू होण्याआधीच सिझर केलं तर फुफ्फुसातलं पाणी पुरतं शोषलं गेलेलं नसतं आणि बाळ पहिले एक-दोन दिवस धापा टाकतं. यातली बरीच बाळं थोड्या वेळाच्या सीपॅपनं सुधारतात.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आईला किंवा बाळाला धोका असेल तर वेळेआधी सिझर करावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण पंचांगात चांगला दिवस सापडला म्हणून ३६-३७ आठवड्यांना पोट उघडायला लावणं म्हणजे बाळाला सुखासुखी एनआयसीयूत पाठवणं. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवड्यांपर्यंत थांबावं. मुहूर्त बारशाला काढा.

सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटरच ना?

नव्हे. व्हेंटिलेटरवर बाळाच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असते आणि यंत्र ठरलेल्या वेळी हवा आत ढकलतं. सीपॅपवर बाळ स्वतःच श्वास घेतं आणि स्वतःच सोडतं. यंत्र फक्त हवेचा सौम्य दाब सतत चालू ठेवतं, म्हणजे पिशव्या मिटत नाहीत आणि पुढचा श्वास घ्यायला जोर कमी लागतो. नळी नाकपुडीत जेमतेम टेकलेली असते किंवा नाकावर छोटा मास्क असतो. घशात काही जात नाही. म्हणून याला बाहेरून दिलेला श्वासाचा आधार म्हणतात. बाळ सीपॅपवर आहे याचा अर्थ ते स्वतः श्वास घेतंय, हे फोनवर सांगताना विसरू नका. गावाकडं 'मशीनवर ठेवलंय' एवढंच पोचतं आणि रडारड सुरू होते.

काचेशेजारी बाटलीत पाणी कशाला उकळतंय?

हा प्रश्न आज्या विचारतात आणि तो चांगला प्रश्न आहे. पाणी उकळत नाही, हवेचे बुडबुडे येताहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बबल सीपॅप वापरतात. त्याची रचना एवढी सोपी आहे की बघून समजते.

हवा आणि ऑक्सिजन ब्लेंडरमध्ये हव्या त्या प्रमाणात मिसळतात. ते मिश्रण ह्युमिडिफायरमधून जातं, तिथं ते अंगाइतकं गरम आणि ओलं होतं, नाहीतर कोरड्या गार हवेनं नाक आतून सोलवटतं. तिथून एक नळी बाळाच्या नाकाशी येते. नाकाशी येऊन उरलेली हवा दुसऱ्या नळीतून बाहेर पडते आणि त्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. टोक पाच सेंटिमीटर बुडवलं तर दाब पाच, सहा बुडवलं तर सहा. बाटलीवर आकडे असतात. नवजात बाळाला साधारण पाच ते आठ एवढाच दाब लागतो.

बुडबुडे सतत यायला हवेत. थांबले म्हणजे कुठेतरी हवा गळतेय: नाकातल्या प्रॉन्ग्ज (नाकपुडीत टेकणारी नळीची आखूड टोकं) सरकल्या असतील, नळीचा जोड सुटला असेल किंवा बाळाचं तोंड सताड उघडं असेल. तोंड फार उघडं राहत असेल तर हनुवटीखाली मऊ पट्टी देतात. नळीत वाफेचं पाणी साचलं तर सिस्टर ते काढतात. बाळाजवळ बसलेल्या आईला बुडबुडे थांबलेले दिसले तर तिनं नळीला हात न लावता लगेच सिस्टरना हाक मारावी. उगाच त्रास दिला असं कुणी म्हणणार नाही.

मोठं मशीन का लावत नाही? थेट व्हेंटिलेटर लावा, पैशाचं आम्ही बघतो.

भीतीपोटी लोक असं म्हणतात, ते कळतं. पण यात महाग म्हणजे चांगलं हा हिशेब लागू नाही. श्वासनलिकेतली नळी आणि यंत्रानं ढकललेली हवा यांनी कोवळ्या फुफ्फुसाला इजा होते. जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काही बाळांना पुढे आठवडेच्या आठवडे ऑक्सिजन लागत राहतो. ज्या बाळाला गरज आहे त्याला व्हेंटिलेटर जीवदान देतो. ज्याला गरज नाही त्याचं तो नुकसान करतो.

सीपॅप काही नवं खूळ नाही. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २० बाळांना सतत दाबाचा आधार दिला, त्यातली १६ वाचली. त्याआधीच्या काळात काय व्हायचं? १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा साडेचौतीस आठवड्यांचा जन्मला आणि याच आजारानं ३९ तासांत गेला. आज त्या दिवसांचं, तेवढ्या वजनाचं बाळ तालुक्याच्या ठिकाणाहून आमच्याकडे येतं आणि बहुतेक वेळा आईच्या कुशीत घरी जातं.

पुढे २००८ आणि २०१० साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. त्यांत फार लवकर जन्मलेली बाळं होती, २४ ते २८ आठवड्यांची. जन्मतःच नळी घालून फायदा होतो असं दिसलं नाही. २००८ च्या चाचणीत सीपॅपवर सुरुवात केलेल्या बाळांपैकी ४६ टक्क्यांना पहिल्या पाच दिवसांत नळी लागली, म्हणजे निम्म्याहून जास्त तिच्यावाचून निभावली. त्याच चाचणीत सीपॅपच्या गटात फुफ्फुसाबाहेर हवा फुटण्याचं प्रमाण जास्त होतं, ९ टक्के विरुद्ध ३. तिथे दाब आठचा ठेवला होता. सीपॅपलाही धोके आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणूनच लावून निघून जायचं हे यंत्र नव्हे, त्याच्याजवळ माणूस लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत आरडीएसची लक्षणं असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सीपॅप द्यावा आणि निदान होताच सुरू करावा असं म्हटलं आहे.

फुफ्फुसात औषध सोडायचं म्हणतात. ते काय?

तेच कमी पडलेलं सर्फॅक्टंट. सीपॅप चालू असूनही बाळाला ३० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन लागत राहिला, छाती ओढणं कमी होईना, तर ते द्यायचा विचार करतात. (आपण श्वास घेतो त्या साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, हे लक्षात ठेवलं की मॉनिटरशेजारचे आकडे कळायला लागतात.) उशिरा देण्यापेक्षा लवकर दिलेलं चांगलं लागू पडतं, म्हणून संमतीच्या सहीसाठी सगळ्या भावकीला गोळा करत बसू नका.

पूर्वी यासाठी नळी घालून बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवत. आता बाळ सीपॅपवर असतानाच, स्वतः श्वास घेत असतानाच, अगदी बारीक नळी श्वासनलिकेत क्षणभर घालून औषध सोडतात आणि नळी काढून घेतात. हे सगळीकडे होईल असं नाही, त्याला सरावाचा हात लागतो.

ते प्राण्यापासून बनतं असं ऐकलं.

हो. वापरातली बहुतेक सर्फॅक्टंट गायीच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढून शुद्ध केलेली असतात. हातकणंगले-शिरोळकडच्या जैन घरांतून आणि मुस्लिम घरांतूनही हा प्रश्न येतो, बहुधा दबक्या आवाजात. मोकळेपणानं विचारा. कोणत्या प्राण्यापासूनचं आहे हे डॉक्टर सांगतील आणि दुसरं मिळण्यासारखं असेल तर तेही सांगतील. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांनी जिवावरचा प्रसंग म्हणून होकार दिला आहे. निर्णय तुमचा, पण तो तासाभरात व्हावा.

स्क्रीनवर ऑक्सिजन ९२ दाखवतंय. शंभर का करत नाही?

मोठ्या माणसाला ९२ दिसलं की आपण घाबरतो. कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले तेव्हापासून हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं गणित वेगळं. ज्याला बाहेरून ऑक्सिजन चालू आहे त्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा स्क्रीनवरचा आकडा, ९० ते ९५ च्या दरम्यान ठेवतात. वर गेलं तर ऑक्सिजन कमी करायचा, खाली आलं तर वाढवायचा.

कारण जादा ऑक्सिजन डोळ्यांवर येतो. या बाळांच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून वाढत असतात. ऑक्सिजन जास्त झाला तर त्यांची वाढ बिघडते, पुढे पडदा सुटून अंधत्व येऊ शकतं. १९४० आणि ५० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत सढळ हातानं ऑक्सिजन दिल्यामुळे हजारो मुलांची दृष्टी गेली. तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं, आज ठाऊक आहे. म्हणून ब्लेंडर नसलेल्या ठिकाणी सिलिंडरमधला थेट शंभर टक्के ऑक्सिजन दिवसभर चालू दिसला तर तुम्ही विचारायला हरकत नाही.

नाक लाल झालंय, पोट फुगलंय. हे सीपॅपमुळेच ना?

बऱ्याचदा हो. नाकाच्या मधल्या पडद्याला प्रॉन्ग्ज टेकल्या तर तिथली कातडी आधी लाल होते, मग पांढुरकी, आणि लक्ष दिलं नाही तर जखम होते. पाळीवर आलेली सिस्टर काय करते ते एकदा बघा. टोपी नीट आहे ना बघते, कारण नळ्या टोपीला बांधलेल्या असतात आणि टोपी सैल झाली की सगळं नाकावर ओढलं जातं. मग टॉर्च मारून प्रॉन्ग्ज आणि पडदा यांत बारीकशी फट आहे का बघते. नाक फार चोंदलं असेल तर सलाइनचा थेंब टाकून हलकेच साफ करते. दर काही तासांनी हेच. काही ठिकाणी आलटून पालटून मास्क आणि प्रॉन्ग्ज वापरतात म्हणजे एकाच जागी दाब येत नाही. सीपॅप यशस्वी होणार की नाही हे यंत्राच्या कंपनीपेक्षा या टोपी-टॉर्चवर जास्त ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

पोट फुगतं कारण नाकातली थोडी हवा पोटात जाते. त्यासाठी तोंडातून पोटात बारीक नळी घातलेली असते, तिचं तोंड उघडं ठेवून हवा बाहेर सोडतात. पोट मऊ असेल, बाळ शी करत असेल तर काळजीचं नाही. पोट कडक, चकचकीत झालं, हिरवी उलटी झाली किंवा शीतून रक्त आलं तर ते वेगळं आणि गंभीर आहे.

कॅफीन देतो म्हणाले. चहा-कॉफीतलं?

तेच, औषधाच्या मापात. फार लवकर जन्मलेलं बाळ मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. कॅफीन मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला जागं ठेवतं. घरून कॉफी आणू नका. हे लिहावं लागतं, कारण विचारलं गेलं आहे.

सीपॅपवर असताना दूध कसं पाजायचं? दूध तर येतच नाही.

पाजायचं नाही, द्यायचं. नाकात दाब असताना बाळ ओढून पिऊ शकत नाही आणि या वयात चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळही बसलेला नसतो. पोटातल्या नळीतून आईचं दूध थेंब थेंब देतात. पहिलं पिवळसर चिकाचं दूध अर्धा मिलीलिटर निघालं तरी ते सिरिंजमध्ये घेऊन पाठवा. त्यातला एखादा थेंब बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला लावतात. 'एवढंसंच आलं' म्हणून टाकून देऊ नका.

दूध यायचं असेल तर काढावं लागतं, शक्यतो बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही तासांतच सुरुवात करून. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसातून निदान आठ वेळा. पहिले दोन दिवस थेंबच निघतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढतं. बाहेरची पावडर अपुऱ्या दिवसांच्या आतड्याला सोसत नाही, आतडी सडण्याचा आजार होऊ शकतो. आईचं दूध कमीच पडलं तर दूधपेढीतलं, तपासलेलं आणि पाश्चराइझ केलेलं दूध मिळतं का ते विचारा.

मध, गुळाचं पाणी, बाळगुटी यांतलं काहीही नाही. पाचवीची पूजा घरी करा, हॉस्पिटलात बाळाला चाटवायला काही आणू नका.

बाळंतिणीनं सव्वा महिना बाहेर पडू नये म्हणतात. तिनं आत जावं का?

जावं. तिच्या बाळाला तिची गरज आत आहे. बाळ स्थिर असेल तर सीपॅप चालू असतानाही आईच्या छातीवर उघड्या अंगाला ठेवता येतं. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तीही बाळाला ऊब देणाऱ्या पेट्या (इन्क्युबेटर) कमी पडत होत्या म्हणून. २०२१ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, तिच्यात दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर व्हायची वाट न बघता आईच्या छातीवर ठेवल्यावर मृत्यूंचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे आईनं आत बसणं हा उपचार आहे.

आई उठू शकत नसेल तर वडील बसू शकतात. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी-घड्याळ काढायचं, सर्दी-खोकला असेल तर थांबायचं. सुरुवातीला बाप्ये लाजतात. एकदा बसले की उठवावं लागतं.

किती दिवस लागेल?

आरडीएस साधारण पहिले दोन-तीन दिवस वाढतो आणि मग उतरतो, कारण तोवर बाळ स्वतःचं सर्फॅक्टंट बनवायला लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तब्येत खालावली तर लगेच हॉस्पिटल बदलायची घाई करू नका. ३३-३४ आठवड्यांचं बाळ बहुधा काही दिवसांत सीपॅपवरून सुटतं. २८ आठवड्यांच्या बाळाला कित्येक आठवडे लागू शकतात. दाब पाचवर, ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास, श्वास विसरणं बंद, छाती ओढणं नाही, असं जमलं की काढून बघतात. काढून पुन्हा लावावं लागलं तर ती हार नव्हे, बाळ दमलं एवढाच अर्थ.

मधल्या काळात हाय फ्लो हा शब्द कानावर येईल. नाकाशी बारीक नळ्या, त्यातून गरम ओली हवा जोरात सोडतात. नाकाला सोयीचं, पण अगदी लहान बाळाला सुरुवातीचा आधार म्हणून सीपॅप जास्त भरवशाचा. एनआयपीपीव्ही म्हणजे नाकातूनच, सीपॅपच्या दाबावर अधूनमधून यंत्राचा जादा झोत. तोही नळीशिवाय.

सीपॅप पुरत नाही हे कधी ठरतं?

ऑक्सिजनची गरज चढतच गेली, बाळ वारंवार श्वास विसरायला लागलं, रक्ततपासणीत कार्बन डायऑक्साइड साठलेला दिसला किंवा धाप लागून बाळ थकलं, तर व्हेंटिलेटर लावतात. एकदम तब्येत ढासळली तर फुफ्फुसाबाहेर हवा फुटली का हे आधी बघतात. जंतुसंसर्ग, हृदयातली उघडी नलिका अशी दुसरी कारणंही असतात. डॉक्टरांनी 'आता नळी घालावी लागेल' म्हटलं की आधीचा सीपॅप वाया गेला असं समजू नका.

आम्ही चंदगडकडचे. तिथून कोल्हापूरला आणेपर्यंत काय करायचं?

सगळ्यात चांगलं म्हणजे बाळ पोटात असतानाच आईला आणणं. तिच्यापेक्षा चांगली अॅम्ब्युलन्स नाही. ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, रक्तस्राव झाला, तर घरी वाट न बघता जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि १०८ बोलवा. तिथे आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळायला हवं. दर बारा तासांनी एक, असे चार डोस असतात, पण पुढच्या ठिकाणी पाठवण्याआधी पहिला तरी द्यावा. त्यानं बाळाच्या फुफ्फुसाची तयारी लवकर होते. हे १९७२ पासून माहीत आहे आणि तरी अजून चुकतं. 'इंजेक्शन दिलं का, किती वाजता?' हे विचारून कागदावर लिहून घ्या.

बाळ झालंच असेल तर ते कोरडं करून, टोपी घालून, कुणाच्या तरी छातीशी उघड्या अंगाला धरून, वरून पांघरूण घेऊन आणा. गारठलेलं बाळ जास्त ऑक्सिजन खर्च करतं आणि श्वास आणखी बिघडतो. निघण्याआधी फोन करून जिथे जाताय तिथे सीपॅप आणि जागा आहे का विचारा. दाराशी जाऊन परत फिरण्यात मोलाचे तास जातात.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता आणि शिरोळ तालुक्यातली गावं वेढली गेली होती. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडचे रस्तेही जुलैत बेभरवशाचे. जुळी असतील, आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर पंचगंगा इशारा पातळीला यायच्या आत शहरात किंवा जवळ कुणा पाव्हण्याकडे येऊन राहा.

खर्च झेपणार नाही.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत आहे, आता एक वर्ष वयापर्यंत. जिल्ह्यात त्यासाठी कोल्हापुरात दसरा चौकाजवळचं सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नवजात अतिदक्षतेचे उपचार बसतात. योजनेतल्या खासगी हॉस्पिटलात आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाची, खुर्ची असते, भरती होतानाच त्यांना गाठा. रेशन कार्ड, दोघांची आधार कार्डं आणि बाळाच्या जन्माचा कागद बरोबर ठेवा. आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवा म्हणणारे भेटतात. अडचण तिथूनच सुरू होते.

डोळ्यांची तपासणी कधी?

३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची, जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. बाळ घरी गेलेलं असलं तरी. वेळेत सापडलं तर लेझरनं किंवा इंजेक्शननं उपचार होतो, उशीर झाला तर फार थोडं करता येतं. डिस्चार्जच्या गडबडीत ही तारीख हमखास राहते. कॅलेंडरवर लिहा. कानांची तपासणीही त्याच सुमारास करून घ्या.

घरी गेल्यावर धुरी-शेक द्यायचा का?

नाही, आणि इथं मी कुठल्याही आजीशी तडजोड करणार नाही. शेगडीवर ओवा, वावडिंग, धूप टाकून बाळाला धुरी देणं या फुफ्फुसांना अजिबात झेपत नाही. चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, घरातली बिडी-सिगारेट, सगळंच बंद. हंगामात ऊस गेल्यावर रानात पाचट पेटवतात, गुऱ्हाळं चालू असतात. घर त्या वाऱ्याच्या तोंडावर असेल तर तेवढे दिवस बाळाला माहेरी किंवा दुसरीकडे ठेवता आलं तर बघा. बारशाची गर्दी महिना-दोन महिने पुढे ढकला. सर्दी झालेला माणूस कितीही जवळचा असला तरी बाळ हातात देऊ नका.

लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या. मान धरणं, बसणं याची वाट बघताना मात्र जितके आठवडे लवकर झालं तेवढे वजा करायचे. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे आणि लोहाचे थेंब चुकवू नका. श्वास साठच्या वर, छाती ओढणं, दूध सोडणं, अंग गार पडणं, ओठ निळे, यांतलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा.

पुढच्या वेळीही असंच होईल का?

आधी एकदा लवकर बाळंतपण झालं असेल तर पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, होईलच असं नाही. दोन बाळंतपणांत निदान दोन वर्षांचं अंतर ठेवा. रक्त वाढवून घ्या. लघवीतला संसर्ग, रक्तदाब, साखर वेळेवर तपासा. मिश्री लावत असाल तर सोडा. ती तंबाखूच आहे, आणि दात घासायला म्हणून लावलेलीही रक्तात जाते. पहिल्या तपासणीलाच डॉक्टरांना आधीचं सगळं सांगा म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाची लांबी सोनोग्राफीत बघतील आणि गरज असेल तर प्रोजेस्टेरॉन देतील. या बाळाचं डिस्चार्ज कार्ड त्या फाइलला लावून ठेवा. त्यात किती आठवड्यांचं, किती दिवस सीपॅप, सर्फॅक्टंट दिलं की नाही, आईला स्टेरॉइड मिळालं की नाही, हे सगळं असतं आणि पुढच्या डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.